लाल बुटांचा लाल रंग

'द रेड शूज' हा पॉवेल व प्रेसबर्गर या जोडीचा ब्रिटिश बोलपट १९४८ सालचा. त्यातील नर्तिकेचे लाल बूट ज्या फितींवर टिपले गेले, त्या मात्र काळ्यापांढऱ्या होत्या! टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात अशा तीन फिती एकाच वेळी धावत. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश त्यांवर वेगवेगळा उमटे. पुढे कारखान्यात त्यांवरून रंगांचे छाप एकावर एक बसवीत. छाप केसभर सरकला, तर ओठांची लाली ओठांबाहेर जायची.

साठ वर्षांत या फिती आक्रसल्या, त्याही सारख्या नव्हेत. वर बुरशी चढली. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयाने दुरुस्ती हाती घेतली. १३४ मिनिटे, सेकंदाला २४ चित्रे, फिती तीन. हिशेब करा, पावणेसहा लाखांवर चित्रे भरतात. ती संगणकावर उतरवून डाग पुसले, तिन्ही पुन्हा जुळवली. लोक याला यंत्राची करामत म्हणतात. मला ते पटत नाही. डाग किती पुसावा हे यंत्राला कळत नाही. फार घासले की फितीचा मूळ रवाच जातो आणि चेहरे मेणाचे दिसतात. हात कोठे आवरावा, हे कारागिराचेच काम.

२००९ च्या मे महिन्यात कान महोत्सवात ही प्रत दाखविली गेली, नंतर तबकडीवरून घरोघरी पोचली. मूळ छायालेखक जॅक कार्डिफ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते.