शिंकेची गोळी आणि एक पेला

भाताची झोडणी सुरू झाली की खडोलीच्या हवेत भुसा तरंगू लागतो आणि माझ्या शिंकांना खळ उरत नाही. अशाच एका कार्तिकात मी दुपारी सर्दीची गोळी घेतली आणि सायंकाळी सिल्वासात एका स्नेह्यांकडे सपत्नीक गेलो. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असली, तरी आमच्या या प्रदेशात मद्यविक्रीस परवानगी आहे. पाहुणचारात पेला पुढे येणे येथे नवलाचे नाही. ‘एकाने काय होते?’ असे म्हणून मी तो घेतला. परतताना पत्नीच्या किंकाळीने भानावर आलो, तेव्हा स्कूटरचे पुढचे चाक रस्ता सोडून खाचरात उतरले होते. सुदैवाने इजा झाली नाही. परंतु डोळ्यांवर झापड आल्याचे मला जाणवलेही नव्हते, हे मनाला लागून राहिले.

शरीरातील जे हिस्टामिन शिंका आणते, तेच मेंदूत जागृती राखते. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरून तेथेही त्याला अडवितात. मद्य निराळ्या वाटेने मेंदूला मंद करते. दोहोंची गाठ पडली की गुंगी दुणावते. शिवाय या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंतही रेंगाळू शकतो. म्हणून ‘दुपारी घेतली होती’ हे समाधान फोल होय.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० जणांना यंत्रावर आभासी मोटार चालविण्यास दिली होती. डायफेनहायड्रामिन हे जुने औषध घेतलेल्यांचे चालविणे मद्य घेतलेल्यांहूनही वाईट ठरले. फेक्सोफेनाडिन या नव्या औषधाने तसा बिघाड झाला नाही. आणखी एक गोष्ट दिसली : झोप येते की नाही, या स्वतःच्या अंदाजावरून चालविण्यातील दोष ओळखता येत नाही. माझ्या खाचराचा उलगडा मला येथे झाला!

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम मद्य ही मर्यादा आहे. ती ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पण गोळीच्या जोडीला आलेला पेला या मर्यादेच्या आतला असला, तरी घात करू शकतो. म्हणून गोळी घेतानाच डॉक्टरांना विचारावे, ‘ही घेऊन वाहन चालविता येईल काय?’ आणि गोळी घेतली असेल, तर पेल्याला निःसंकोच नकार द्यावा.

निघताना कोणी शिंकले, तर क्षणभर थांबावे, असे आमची आजी म्हणे. ती अंधश्रद्धा म्हणून मी मुलांना वर्षानुवर्षे शिकविले. आता एवढीच दुरुस्ती करतो : शिंकेसाठी थांबू नये, शिंकेची गोळी घेतली असेल, तर मात्र अवश्य थांबावे.