पेढीच्या संगणकातील अडगळ

पेढीवरील संगणकाची डिस्क भरत आली की काम मंदावते आणि मागील वर्षांचे हिशेब पुसून टाकण्याचा विचार बळावतो. धोका तेथेच आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३६ अन्वये हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अपील प्रलंबित असल्यास मुदत याहून लांबू शकते. कंपन्यांना तर आठ आर्थिक वर्षांचे बंधन आहे. आणि नोटीस येते ती बहुधा जुन्याच वर्षाची!

शिवाय नोंदी पुसल्याने जागा मिळतेच असे नाही. पुष्कळ डेटाबेसमध्ये मोकळी झालेली जागा पुढील नोंदींसाठी फाइलमध्येच राखून ठेवली जाते. खतावणीतील ओळी खोडल्याने वही पातळ होत नाही, तसेच हे. टॅलीमध्ये वर्षांची विभागणी केली तर मूळ कंपनी तशीच राहून दोन नव्या तयार होतात, म्हणजे आरंभी जागा अधिकच लागते.

खरी अडगळ अनेकदा निराळीच असते: त्याच डिस्कवर साचलेले रोजचे बॅकअप. डिस्क बिघडली तर मूळ व प्रत दोन्ही एकदमच जातात, तेव्हा त्यांस बॅकअप म्हणणेही धाडसाचे. ते बाह्य डिस्कवर न्यावेत, दुसऱ्या संगणकावर उघडून ताळेबंद जुळवून पाहावा, मगच पेढीच्या संगणकावरील प्रती काढाव्यात. रीसायकल बिन रिकामी करेपर्यंत मात्र जागा सुटत नाही.