पाच प्रश्न, माळेगावच्या ओसरीवर

वय वाढते तसे स्नायू झडतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव मात्र 1989 मध्ये अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी दिले. नाव मिळाले, तरी स्नायू मोजायला डेक्सासारखे महागडे यंत्र लागे. 2013 मध्ये सेंट लुईसच्या मालमस्ट्रॉम आणि मॉर्ली यांनी ‘सार्क-एफ’ ही छोटी प्रश्नावली मांडली आणि प्राथमिक चाळणी यंत्राशिवाय करता येऊ लागली. साडेचार किलो वजन उचलणे, खोली ओलांडून चालणे, खुर्चीतून किंवा पलंगावरून उठणे, 10 पायऱ्या चढणे आणि वर्षभरात किती वेळा पडलात, असे 5 प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 2 गुण. 10 पैकी 4 झाले की पुढची तपासणी.

पुढे ही प्रश्नावली अनेक भाषांत गेली, अरबीतही. रीत साधारण ठरलेली: स्वतंत्र भाषांतरे, उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक आणि शेवटी वृद्धांनाच विचारून पाहणे. माझ्या मते हा शेवटचा टप्पा सर्वांत मोलाचा. मोरोक्कोपासून आखातापर्यंत अरबीची बोली बदलते आणि जमिनीवर बसण्या-उठण्याची सवयही अनेक घरांत आहे. कागदावर अचूक असलेला प्रश्न तिथल्या आजोबांना लागू पडेलच असे नाही.

आपल्याकडे याचा जुना धडा आहे. हरियाणातील बल्लभगडमध्ये 1990 च्या दशकात स्मृतिभ्रंशाची चाचणी निरक्षर, हिंदी बोलणाऱ्या वृद्धांसाठी बेतून घेतली गेली, कारण लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न त्यांच्या बुद्धीची नव्हे, शाळेची परीक्षा घेत होते.

आता माळेगाव बुद्रुक या गावाचा विचार करा. इथे साखर कारखान्याच्या आधारावर दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिलेले हात आज सत्तरी-ऐंशीत आहेत. साडेचार किलो म्हणजे 5 लिटर तेलाचा डबा, असे सांगितले की लगेच कळते. बैठ्या घरात जिना नसतो; तिथे एसटीच्या पायऱ्या विचाराव्या लागतील. खुर्चीपेक्षा जमिनीवरून हात न टेकता उठता येते का, हा प्रश्न खरा. आणि ‘हंडा उचलताना त्रास होतो का?’ याला आजी ‘नाही’ म्हणतील, कारण तो सून उचलते! म्हणून ‘शेवटचा कधी उचलला?’ हेही विचारायला हवे. पडण्याचेही तसेच: ओल्या बांधावरून घसरणे कुणी पडणे धरत नाही.

ही चाळणी बरेच रुग्ण निसटू देते, हेही खरे. म्हणून आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये पोटरीचा घेर जोडला: पुरुषांत 34 सेंमीपेक्षा कमी, स्त्रियांत 33 पेक्षा कमी असेल तर सावध व्हावे. शिंप्याची टेप पुरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले आहे की सडपातळ भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. तेव्हा ‘बारीक आहेत, पण काटक’ यावर विसंबू नये.

सार्कोपेनियावर मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपाय ताकदीच्या व्यायामाचा आणि पुरेशा प्रथिनांचा. घरातल्या वृद्धांना हे 5 प्रश्न आजच विचारा, आणि गुण 4 भरले तर डॉक्टरांकडे न्या.