रिकामं पाकीट आणि पावणेचार इंची माणसं

१९७७ च्या नाताळात अमेरिकेतल्या कितीतरी मुलांना भेट म्हणून एक जवळजवळ रिकामं पाकीट मिळालं. 'स्टार वॉर्स' त्याच वर्षी मे महिन्यात आला होता आणि तो एवढा चालेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. मेगो नावाच्या तेव्हाच्या बड्या खेळणी कंपनीने तर हक्क नाकारलेच होते. ते घेतले सिनसिनाटीच्या केनरने. पण साचे बनवायचे, प्लास्टिक ओतायचं, रंग लावायचे, याला वेळ लागतो, आणि नाताळ काही थांबणार नव्हता. मग केनरने पुठ्ठ्याचं एक चित्र आणि एक प्रमाणपत्र विकायला काढलं. प्रमाणपत्र पोस्टाने पाठवा, पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू घरपोच येतील.

म्हणजे बघा, कंपनीने मुलांना वाट बघणं विकलं. आणि ते खपलं!

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस आधी हसतो: मोठी माणसं लहानपणीची खेळणी पुन्हा विकत का घेतात? हसून झालं की मात्र तोच माणूस आपल्या हरवलेल्या कुठल्यातरी खेळण्याबद्दल दहा मिनिटं बोलतो. म्हणून आज स्टार वॉर्सच्या या पावणेचार इंची माणसांच्या निमित्ताने थोडं समजावून सांगते.

आधी शब्द. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, १६८८ साली, बाझेल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात. (प्रबंधातून एखादा शब्द तीनशे वर्षं टिकतो, हे वाचून आमच्यासारख्यांना जरा धीर येतो.) ग्रीक भाषेतलं घरी परतणं आणि वेदना यांची त्याने सांगड घातली, आणि परदेशात असलेल्या स्विस लोकांना होणारा तो आजार आहे, असं मांडलं. आपण मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतो, त्यातली वेदना गळून पडते आणि फक्त रंजन उरतं. मला तो शब्द आवडतो, पण या विषयाला तो अपुरा पडतो. कारण पन्नाशीचा माणूस प्लास्टिकच्या दीड इंची बंदुकीसाठी रात्री जागून बोली लावतो, तेव्हा त्यात ठसठसही असते.

आता खेळण्यांकडे. त्याआधीचे जी.आय. जो बारा इंची होते. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून हॅस्ब्रोने १९६४ मध्ये त्यांना 'ॲक्शन फिगर' म्हणायला सुरुवात केली, हीही एक गंमतच. केनरने आकार पावणेचार इंचांवर आणला. का? कारण स्टार वॉर्स म्हणजे यानं. बारा इंची हान सोलो बसेल एवढं 'मिलेनियम फाल्कन' करायचं तर ते घरात मावलं नसतं आणि परवडलंही नसतं. माणूस लहान केल्यावर यानं आली, मजल्या-मजल्यांचा 'डेथ स्टार' आला, त्यात कचरा दाबायची खोली आणि कचरा म्हणून स्पंजचे तुकडेसुद्धा आले. एक माणूस साधारण दोन डॉलरला. वाढदिवसाला मोठी भेट, एरवी छोटी, असं ते वर्षभर चालत राहायचं.

आणि प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे बाकीच्या सगळ्यांची चित्रं. पहिल्या बाराच्या मागे बारा, मग वीस, मग आणखी. मूल एक खेळणं घ्यायचं आणि आपल्याकडे नसलेल्यांची यादी घरी आणायचं. जमवण्याची ओढ मुळात छापून आलेली होती, हे विसरून नॉस्टॅल्जियाबद्दल बोलता येत नाही असं माझं मत आहे. आज जी पोकळी भरायला ही माणसं निघतात, तिचा काही भाग कंपनीने तेव्हाच आखून दिला होता.

पण सगळं जाहिरातीच्या डोक्यावर ढकलणंही चूक ठरेल. साउदम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशुट आणि कॉन्स्टन्टिन सेडिकिडीस यांच्या गटाने २००६ मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या अशा आठवणी लिहायला लावल्या, तर त्यात एकटी वस्तू क्वचितच होती. आठवणीत स्वतः तो माणूस होता आणि त्याच्याभोवती जवळची माणसं होती. अशा आठवणी कधी येतात? बहुतेकदा मन खिन्न असताना, एकटं वाटताना. आणि आठवण काढून झाल्यावर आपल्याला कुणीतरी आहे ही भावना वाढलेली दिसली. एकटेपणावर मन स्वतःच लावतं असा हा लेप म्हणा ना. (सहभागी बरेचसे पाश्चात्त्य विद्यार्थी होते, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं.)

पुढचा दुवा पैशाचा. २०१४ मध्ये लासालेटा, सेडिकिडीस आणि व्होस यांनी प्रयोगांतून दाखवलं की अशी आठवण जागी केलेली माणसं वस्तूसाठी जास्त पैसे मोजायला तयार होतात. माणसं जवळ आहेत असं वाटलं की पैशाची पकड सैल होते, हे त्यांचं स्पष्टीकरण. पुन्हा पुन्हा निघणाऱ्या 'रेट्रो' आवृत्त्यांचं गणित तुम्हाला आता कळलं असेल.

इथवर सरळ आहे. माझी खरी अडचण पुढे सुरू होते. आठवण जर खेळण्याची आणि सवंगड्यांची असेल, तर बाजारात सगळ्यात महाग काय असायला हवं? झिजलेला, दातांचे ठसे असलेला ल्यूक. प्रत्यक्षात उलट. न उघडलेला पुठ्ठा महाग. तो ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून त्याला गुण देणाऱ्या संस्था आहेत. छोट्या जावाला आधी प्लास्टिकचा अंगरखा होता. तो दिसायला फारच किरकोळ, म्हणून केनरने लवकरच कापडाचा दिला. आज तो किरकोळ अंगरखाच दुर्मीळ, आणि म्हणून त्याच्या नकलाही निघतात. हरवलेल्या बंदुकांच्या नकला तर इतक्या, की लोक त्या पाण्यात टाकून बघतात: अस्सल बहुधा तरंगते.

टोक म्हणजे बोबा फेट. १९७९ मध्ये पाठीवरून खरंच अस्त्र सुटणारा बोबा फेट पोस्टाने मिळेल अशी जाहिरात होती. ते अस्त्र मुलांच्या घशात अडकेल या भीतीने बेत रद्द झाला आणि मुलांना मिळाला तो अस्त्र पक्कं बसवलेला. सुटणाऱ्या अस्त्राचे मोजके नमुने तेवढे उरले. त्यातला एक २०२४ मध्ये लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. जे खेळणं विकत घेऊन कुठलंच मूल कधी खेळलं नाही, त्याची ही किंमत!

स्वेतलाना बॉइम यांनी नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार केले आहेत: हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधू पाहणारा, आणि ते गेलं हे मान्य करून त्या ओढीतच रेंगाळणारा. बंद पुठ्ठा मला पहिल्या प्रकारातला वाटतो. तो बालपण परत देत नाही. तो १९७८ ची दुकानातली ती मांडणी परत देतो, जिथे सगळं अजून घ्यायचंच होतं. वाट बघण्याचा तो क्षण.

आपल्याकडे? केनरच्या माणसांनी इथलं बालपण व्यापलं नाही. पण त्याच पावणेचार इंची मापावर हॅस्ब्रोने १९८२ मध्ये नवे जी.आय. जो काढले, आणि १९८७ मध्ये एमआरएफबरोबर भागीदारीत फनस्कूल सुरू झाल्यावर ते भारतातही बनू लागले. कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. साचे हॅस्ब्रोचे, रंग मात्र कधीकधी भलतेच. अमेरिकेतल्या सैनिकाशी अजिबात न जुळणारे.

त्या भलत्या रंगांसाठीच परदेशातले संग्राहक आज फनस्कूलचे जो शोधत असतात. तो रंग त्यांच्या लहानपणी त्यांनी कधी पाहिलेला नाही. तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या दशकात त्याला मातीत पुरून लढाई खेळला असाल, तर आठवण तुमची आहे आणि ओढ त्यांना लागली आहे. विल्डशुट यांच्या आठवणीतल्या माणसांच्या चौकटीत हे बसत नाही, बॉइमच्या घरातही नीट बसत नाही. प्रबंधाचं तिसरं प्रकरण सध्या तिथेच अडलंय. तुमच्या माळ्यावरच्या डब्यात असा एखादा जो असेल, तर विकण्याआधी त्याच्या गुडघ्याच्या सांध्यात माती राहिली आहे का ते बघा.