जुन्या कुंपणाचा प्राण

राक्षसाचा प्राण पोपटात असतो, ही गोष्ट तुम्ही माझ्याकडून कितीदा तरी ऐकली आहे. राजपुत्र तलवारीचे घाव घालून घालून थकतो, राक्षस हसत उभाच. जीव अंगात असेल तर जाईल ना! आपल्या मळ्याच्या जुन्या कुंपणाचंही तसंच आहे, पोरांनो. तिथे राक्षस एक नाही, चार आहेत: शेर, फड्या निवडुंग, घायपात आणि वेडी बाभूळ. चौघांनी आपापला प्राण वेगवेगळ्या जागी लपवलेला आहे. ती जागा ठाऊक नसली की माणूस दिवसभर कुऱ्हाड चालवतो आणि पुढच्या पावसाळ्यात कुंपण दुप्पट होऊन उभं राहतं.

हे काम मी मार्गशीर्षापर्यंत मुद्दाम लांबवलं. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, पाय उचलत नाही. उन्हाळ्यात तीच आकसते, हातभर भेगा पडतात आणि टिकाव मारला तर ठिणगी उडेल इतकी कडक होते. मधल्या काळात, वापसा असताना, माती मुळाला सोडायला तयार असते. अडचण एकच. दसरा उलटला की आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात. कोयता ज्यांच्या हाती शोभतो ती माणसं पार गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. म्हणून हे काम घरच्याच माणसांनी करायचं, आणि घरच्या माणसांनी करायचं म्हणजे ताकदीपेक्षा डोकं जास्त लागणार.

आधी काठी घ्या आणि कुंपणाच्या कडेने पाय आपटत एक फेरी मारा. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते. घोणस आणि फुरसं अशाच पालापाचोळ्यात बसतात, त्यांना निघून जायला वेळ द्यायचा. मग घरटी बघा. सातभाई, बुलबुल, मुनिया या सगळ्यांचं हे घर आहे. ज्या झुडपात अंडी किंवा पिल्लं दिसतील ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत तसंच ठेवायचं, बाकीचं काढायचं. सगळं कुंपण एका दिवसात भुईसपाट करण्याची हौस मला मुळीच पसंत नाही. तुकड्या तुकड्याने काढलं तर आतल्या जिवांना पुढच्या तुकड्यात सरकता येतं.

आता पहिला राक्षस, शेर. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या पेन्सिली. हा आफ्रिकेतून आला. याची कांडी मोडली की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यांत गेला तर भयंकर आग होऊन दिसेनासं होतं. म्हणून शेर तोडताना डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि वाऱ्याकडे पाठ. चीक उडालाच तर चोळायचं नाही. भरपूर पाण्याने डोळा धूत राहायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. याच चिकात पेट्रोलसारखी हायड्रोकार्बनं असतात. नोबेल मिळवलेले अमेरिकी शास्त्रज्ञ मेल्विन काल्विन यांनी 1970 च्या दशकात, तेलाची टंचाई झाली तेव्हा, शेराच्या जातीच्या झाडांची शेती करून इंधन काढावं असं सुचवलं होतं. ते मोठ्या प्रमाणावर झालं नाही. पण आपल्या बांधावरचं झाड जगाच्या तेलाच्या चर्चेत जाऊन आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. शेराचा प्राण त्याच्या प्रत्येक कांडीत आहे. ओल्या मातीवर पडलेला तुकडा रुजतो. म्हणून तोडलेला शेर मातीवर टाकायचा नाही, खडकावर पसरून उन्हात कडकडीत वाळवायचा.

निवडुंगाचंही असंच. त्याच्या फड्यावर जिथे जिथे काट्यांचा झुबका असतो, त्या प्रत्येक ठिपक्यात नवा फडा किंवा नवं मूळ फुटण्याची तयारी असते. परवा तुम्हीच विचारलंत ना, आजोबा, जेसीबी का नाही बोलवत? निवडुंगावर जेसीबी घातला तर तो फड्यांचे शंभर तुकडे करून साऱ्या शेतात पसरवील. ते काढणं नव्हे, ती पेरणी झाली. चिमट्याने एकेक फडा उचलायचा आणि खोल खड्ड्यात पुरायचा.

या निवडुंगाची गोष्ट मात्र मोठी आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. तिकडे त्याच्यावर एक किडा राहतो. फड्यावर पांढऱ्या कापसाचा पुंजका दिसतो, तो चिमटीत चिरडला की बोटं लालभडक होतात. त्या किड्यापासून किरमिजी रंग करत आणि तो सोन्याच्या भावाने विकत. इंग्रजांना वाटलं, हा धंदा हिंदुस्थानात का नको? 1795 साली एका कप्तानाने ब्राझीलहून असे किडे कोलकात्याला आणले. पण ते निघाले त्या रंगाच्या किड्याचे भाऊबंद. रंग हलका निघाला, धंदा काही चालला नाही. आणि किड्यांनी काय केलं? त्यांनी निवडुंगाची एक जात जिथे सापडली तिथे शोषून शोषून संपवली. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या जातीला मात्र तोंडसुद्धा लावलं नाही!

हे कोडं शास्त्रज्ञांच्या लक्षात राहिलं. एक किडा एकच निवडुंग खातो, तर दुसऱ्या निवडुंगासाठी दुसरा किडा शोधू या. तोपर्यंत दुसऱ्या जातीने दक्षिण हिंदुस्थानातल्या गावकुसांना, गायरानांना वेढा घातला होता. 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसरा किडा आणला गेला, आणि जे कोयत्याने, आगीने, औषधाने झालं नव्हतं ते काही वर्षांत त्या ज्वारीच्या दाण्याहून लहान जिवाने करून दाखवलं. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात तर काही कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. तिथे एका पतंगाच्या अळीने ती मोकळी केली, आणि लोकांनी कृतज्ञतेने त्या अळीच्या नावाचं सभागृह बांधलं, 1936 साली. अळीच्या नावाचं सभागृह! माणसाने माणसांचे पुतळे पुष्कळ उभारले, मला हे बांधकाम त्या साऱ्यांपेक्षा जवळचं वाटतं. तेव्हा आपल्या फड्यावर पांढरे पुंजके दिसले तर फवारा घेऊन धावू नका. तो आपला मजूर आहे, मजुरी न घेणारा.

घायपात त्यामानाने सोपी. ती मेक्सिकोकडची. तिच्या पानांच्या वाखाचे दोर किती घट्ट होतात ते तुम्ही विहिरीवर पाहिलं आहे. वर्षानुवर्षं ती नुसती पानं वाढवते, मग एकदाच बांबूसारखा उंच दांडा सोडते, फुलते आणि मरते. पण मरण्याआधी दांड्यावर शेकडो इवली तयार रोपं लावते आणि बुडाशी पिल्लं सोडते. दांडा कोवळा असतानाच कापला, बुडाची पिल्लं पहारीने उचलली, की झालं.

या तिघांचं एक गुपित सांगतो, मग चौथ्याकडे जाऊ. झाडं पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात, हे शाळेत शिकलात. पण छिद्र उघडलं की पाणीही उडून जातं. पाथर्डीच्या उन्हात, सह्याद्रीच्या आडोशाला पाऊस आधीच कमी, तिथे दिवसा छिद्र उघडणं परवडणार कसं? म्हणून निवडुंग, घायपात आणि शेराच्या कांड्या रात्री छिद्रं उघडतात. आत घेतलेली हवा आंबट आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रं बंद करून, उजेडात, त्या साठ्यातून अन्न तयार करतात. या आंबटपणाची एक जुनी नोंद आपल्याच देशातली. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. 1813 मध्ये त्याने कळवलं की पानफुटीचं पान सकाळी आंबटढाण लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी जरा कडवट. बागेतलं एक पान तीन वेळा चाखलं, आणि एवढं मोठं दार उघडलं! तुम्ही मात्र चाखत बसू नका, ते पान गुरांनाही बाधतं.

आता चौथी, वेडी बाभूळ. हिला काढणं म्हणजे खरं जड काम.

आपली देशी बाभूळ वेगळी, ही वेगळी. हीसुद्धा अमेरिका खंडातून आली, एकोणिसाव्या शतकात, उजाड जमिनी झाकायला आणि जळणाला. तिने ते काम इमानाने केलं. दुष्काळी मुलखात कितीतरी घरांची चूल तिच्याच लाकडावर पेटली, म्हणून मी तिला शिव्या देत नाही. पण ती दुसऱ्याला जागा देत नाही. तिच्या खाली पडलेल्या पाचोळ्यातून असे अर्क मातीत उतरतात की बाकीचं बी रुजायला कचरतं. आणि तिचं मूळ? हिच्याच कुळातल्या एका झाडाची मुळं अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका खाणीत 1960 साली सापडली, जमिनीखाली 53 मीटरवर! आपली विहीर साठ फूट, ती मुळं पावणेदोनशे फूट.

मग एवढं खणायचं कसं? खणायचं नाहीच. तिचा प्राण तिथे खाली नाही.

खोड जिथे मूळ होतं, त्या मानेला नीट बघा. मातीच्या खाली वीत-दीड वीत जागेत सालीखाली झोपलेले डोळे असतात. झाड उभं असतं तोवर शेंड्याचा कोंब एक रसायन खाली पाठवत राहतो, ऑक्सिन त्याचं नाव, आणि ते या डोळ्यांना उठू देत नाही. तुम्ही झाड जमिनीलगत तोडलंत की निरोप थांबला. सगळे डोळे एकदम जागे. एका खोडाच्या जागी दहा फुटवे, आणि मुळात साठवलेलं पिठूळ अन्न त्या सगळ्यांना पोसायला तयार. लोक म्हणतात, तोडली की जास्त माजते. माजत नाही, आपणच तिला उठवतो. मानेखालच्या मुळाला मात्र नवा कोंब सहसा फुटत नाही. म्हणून बुंध्याभोवती हातभर खोल खणायचं, मान पूर्ण उघडी करायची आणि तिच्या खाली घाव घालायचा. वरचा भाग निघाला की पावणेदोनशे फुटांचं मूळ असलं तरी ते आपोआप मातीला मिळेल.

इथे एक युक्ती. झाड बुडातून तोडू नका. आधी फांद्या उतरवा, मग खोड छातीएवढं उभं ठेवा. तो खुंट म्हणजे तुमची तरफ. दोर बुडापासून एक फुटावर बांधून ओढला तर जेवढा जोर लागेल, चार फुटांवर बांधला तर त्याच्या चौथ्या हिश्श्यात काम होईल. बाजूची मुळं टिकावाने आधी तोडायची, मग दोर एकदा इकडून, एकदा तिकडून ओढायचा. लोक घाईने बुडापाशी कुऱ्हाड घालतात, फुकटची तरफ गमावतात, आणि मग संध्याकाळपर्यंत खुंटाशी झुंजतात. ट्रॅक्टर लावायचाच तर साखळी मागच्या हुकाला खाली बांधायची. वर बांधली आणि खुंट हलला नाही तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. आणि दोर ताणलेला असताना तुम्ही पोरांनी त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. तुटलेला दोर दिसायच्या आत लागतो.

कललेल्या खोडाची गंमत वेगळी. बाभूळ एका बाजूला झुकली की वरच्या अंगाला ती वेगळं, ताणलेलं लाकूड घडवते आणि त्याच्या जोरावर स्वतःला वर खेचत राहते. वर्षानुवर्षांचा तो ताण त्या लाकडात भरलेला असतो. एकाच बाजूने घाईघाईने कापत गेलात तर तो एकदम सुटतो, खोड उभं चिरतं आणि बुडाचा तुकडा तोडणाऱ्याच्या छातीवर येतो. म्हणून आधी पडायच्या बाजूला खाच, मग विरुद्ध बाजूने काप, आणि मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. असलं झाड जाणत्या माणसाच्याच हाती द्यावं, पाडवा होईपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल.

कोपऱ्यातला कडुनिंब राहणार. चिंचही राहणार, आणि तिला हात लावायचा तर कायदाही आडवा येतो. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, फणस अशी झाडं आहेत, स्वतःच्या शेतातलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गावात नगरपालिकेच्या हद्दीत तर 1975 चा वेगळा कायदा आहे. मला हे जाच वाटत नाही. चिंचेला जेवढी वर्षं लागली तेवढी परत आणता येणार नाहीत, निदान अर्ज लिहिण्याएवढा विचार तरी व्हावा.

कडुनिंबाची मुळं वेगळीच. जाड आधारमुळं सोडली तर अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत, फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे पसरलेली असतात. म्हणून त्याच्या सावलीत बाभूळ काढताना टिकाव नाही, खुरपं आणि हात. एका झाडाला काढताना दुसऱ्याला लंगडं करायचं नाही.

बांधावरचे दोन जुने खुंट मी मुद्दाम ठेवणार आहे, घरापासून लांबचे, कोंब न फुटणारे. तिथे वाळवी येईल. येऊ दे. शेतातली ही वाळवी लाकूड खाऊन थांबत नाही, वारुळात बुरशीची शेती करते. चावलेला पाचोळा आणि लाकूड रचून त्यावर बुरशी वाढवते, आणि तीच खाते. आपल्या माणसांनी नांगर हाती धरण्याच्या लाखो वर्षं आधीपासून. पावसात वारुळावर जी अळंबी उगवतात, ती त्याच शेतातली.

आता तुमचं काम. वेड्या बाभळीने प्राण दोन जागी ठेवलाय. एक मानेत, तो आम्ही काढू. दुसरा शेंगांत. त्या गोड असतात. शेळ्या, गाई, गाढवं आवडीने खातात. बियांचं कवच इतकं टणक की त्या पोटातून जातात आणि शेणा-लेंड्यांतून, खतासकट, दूर पडतात. मढीच्या यात्रेला गाढवांचा बाजार भरतो, तुम्ही पाहिला आहे; जनावर जिथे जाईल तिथे बी जातं. मातीत ते वर्षानुवर्षं झोपून राहतं. तेव्हा आणखी काही पावसाळे, पहिल्या चांगल्या पावसानंतर, तुम्ही कुंपणाच्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावरून सावकाश फिरायचं. रोप बोटभर असताना, काटे अजून मऊ असतात, माती ओली असते, दोन बोटांत धरून सरळ वर ओढलं की मुळासकट येतं. महिनाभर उशीर केलात तर खुरपं लागेल, दोन वर्षं केलात तर मला पुन्हा दोर बांधावा लागेल. पायात बूट घालून जा, चप्पल नको. आणि बाभळीचं समजून सीताफळाचं रोप चुकून उपटू नका, त्याची पानं मी उद्या तुम्हाला दाखवतो.