गौताळ्याचा पाणवठा कोणाचा?

सुटी लागली की छत्रपती संभाजीनगरातल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो, 'कुठं जायचं?' कुणी म्हैसमाळ म्हणतं, कुणी वेरूळ. आणि ज्यांना खरंखुरं जंगल बघायचं असतं, ते कन्नडची वाट धरतात. तिथून पुढं गौताळा लागतं. चला, आज तिथंच जाऊ या.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरांत पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. काही भाग आपल्या जिल्ह्यात, काही जळगाव जिल्ह्यात. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. साग, सालई, पळस अशी झाडं इथं आहेत. बिबट्या, तरस, भेकर, नीलगाय, वानरं आणि मोर आहेत. शिवाय दोन हजार वर्षांहून जुनी पितळखोऱ्याची लेणी आहेत, अंतूरचा किल्ला आहे, चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचं देऊळ आहे. तिथल्या पाटणचा शिलालेख तर प्रसिद्धच आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे भाविक, अभ्यासक, सहलीवाले असे सगळेच इथं येणार. यावंही! पण हे घर आधीपासून कुणाचं आहे, ते विसरायचं नाही.

अभयारण्य हा शब्द जरा फोडून बघा. अभय आणि अरण्य. जिथं प्राण्यांना भीती नाही असं रान. मग आपल्यामुळं त्यांना भीती वाटू लागली, तर त्या नावाला काय अर्थ उरला?

मार्च २०२१ मध्ये इथल्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला! कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघ आला होता. तो आला होता यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून, सुमारे ३३० किलोमीटर चालून. वाटेत शेतं, गावं, रस्ते. तरुण वाघ नव्या घराच्या शोधात असेच लांब लांब जातात. पण घर म्हणजे नुसती झाडं नव्हेत. तिथं शिकार हवी, पाणी हवं, आणि शांतता हवी.

आता पाण्याचंच बघा. पावसाळ्यात ओढे भरून वाहतात, तेव्हा कोणीही कुठंही पाणी पितं. उन्हाळ्यात मात्र झरे आटतात आणि मोजके पाणवठे उरतात. दिवसभर तापलेले प्राणी बहुधा संध्याकाळी किंवा रात्री पाण्यावर येतात. अशा वेळी काठावर आपण चटई टाकून गाणी लावून बसलो तर? भेकर झाडीआड उभं राहतं, वाट बघतं आणि तहानलेलंच परत फिरतं. आपल्याला ते दिसतसुद्धा नाही. आपण घरी येऊन म्हणतो, 'छे, एकही प्राणी नव्हता!'

आवाजाचं आणखी एक आहे बरं का. बिबट्या दिसला की झाडावरचं वानर खेकसून सगळ्यांना सावध करतं. तो इशारा ऐकून खालची जनावरं पळतात. मोठ्या आवाजातल्या गाण्यांत तो इशाराच बुडून जातो.

आणि वानराला बिस्किट देणं? त्यात माया असते, हे खरं. पण खाऊची सवय लागली की वानरं रस्त्यावर येऊन बसतात, गाड्यांखाली सापडतात, माणसाच्या हातातलं ओढू लागतात. त्यांना झाडपाला, फुलं, फळं पुरतात. खाऊची पिशवी तिथंच टाकली, तर वासानं एखादं जनावर ती प्लास्टिकसकट गिळतं.

मग जंगल बंदच करून टाकायचं का? मुळीच नाही. जे कधी पाहिलंच नाही, त्याच्यावर माया तरी कशी जडणार? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदासुद्धा अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी अभयारण्यात जायची परवानगी देतो. मात्र शिस्त सांभाळून.

शिस्त पाळूनही मजा येते का? जरूर येते! राज्यातल्या अनेक अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं निसर्गप्रेमींना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसवतं. बोलायचं नाही, बॅटरी चमकवायची नाही, खाली उतरायचं नाही. चांदण्यात प्राणी येतात, पाणी पितात आणि निघून जातात. माणसं तिथंच असतात, तरी कुणी तहानलेलं राहत नाही. पाणवठा दोघांचाही होतो!

म्हणून तुम्ही गौताळ्याला जाल तेव्हा नेमून दिलेली वाट सोडू नका. पाणवठ्यापासून लांब बसून डबा खा. कचरा पिशवीत भरून घरी आणा. लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरू नका. दिवस मावळायच्या आत परत फिरा. आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटं अगदी गप्प बसा. नुसते कान उघडे ठेवा. काय काय ऐकू आलं, ते वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. बघा, कुणाची यादी सगळ्यांत मोठी होते!