दारं किती, कड्या किती

माझा पिंड कवितेचा आणि शिक्षण बी.ए.पर्यंतचं. संगणकावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मोहल्ल्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाचा मी चिटणीस आहे. तिथल्या जुन्या संगणकावर उबुंटू नावाची लिनक्स प्रणाली चालते. सभासदांची वही आता त्यातच असते. अभ्यासाला येणाऱ्या मुलींची नावं, पत्ते, मोबाइल नंबर सगळं त्यात आहे. आईबापांनी ते आमच्या भरवशावर दिलेलं.

देखभाल माझा भाचा करतो, पुण्यात बसून. एकदा घरी आला तेव्हा त्यानं संगणकाची नोंदवही उघडून दाखवली. एका रात्रीत अनोळखी पत्त्यांवरून शेकडो वेळा आत शिरायचा प्रयत्न झाला होता.

"मामू, हे माणसं नाही, यंत्रं करतात. दिसेल ते दार ढकलून बघतात."

"आपल्याला दारं आहेत तरी किती?"

"पासष्ट हजार पाचशे पस्तीस!"

मी कपाळाला हात लावला.

या दारांना पोर्ट म्हणतात. ८० आणि ४४३ ही वेबसाइटची दारं, तर २२ हे दुरून संगणक चालवणाऱ्याचं. बहुतेक दारांमागे कुणी बसलेलंच नसतं, म्हणून तिथून धोका नसतो. पण एखादा नवा प्रोग्रॅम आपल्या नकळत एखादं दार उघडून बसतो. म्हणून पहारेकरी हवा. तोच फायरवॉल.

लिनक्सच्या गाभ्यातच हा पहारेकरी आहे. २००१च्या २.४ आवृत्तीपासून त्याचं नाव नेटफिल्टर. त्याला हुकूम द्यायला आयपीटेबल्स हे साधन होतं. पुढे २०१४मध्ये एनएफटेबल्स आलं. आमच्यासारख्यांसाठी उबुंटूनं २००८मध्ये यूएफडब्ल्यू आणलं. ते संगणकात आयतं असतं, पण चालू आपण करायचं असतं.

पहारेकऱ्याच्या हाती नियमांची यादी असते. आलेली प्रत्येक गोष्ट तो वरून खाली ताडून बघतो. जो नियम आधी लागू पडेल तोच चालतो, म्हणून क्रमाला महत्त्व. कुठलाच लागू पडला नाही तर मूळ धोरण. ते धोरण असं ठेवावं : बाहेरून येणारं सगळं बंद, आतून जाणारं खुलं. आपण मागितलेलं उत्तर मात्र अडत नाही, कारण कोण कशासाठी बाहेर गेलं हे त्याला आठवत असतं. माझे अब्बा रात्री आधी सगळ्या कड्या लावत, मग ज्याला यायचंय त्याच्यापुरती एक काढत. तोच हा हिशेब.

पण भाच्याकडूनच चूक झाली. पुण्याहून काम करताना त्यानं सगळं बंद करून फायरवॉल चालू केली आणि २२ नंबरला परवानगी द्यायचं विसरला. दुसऱ्या दिवशी त्यालाच आत येता येईना. शेवटी मी पडद्यासमोर बसलो, तो फोनवर एकेक अक्षर सांगत गेला आणि बी.ए. झालेल्या कवीनं 'अलाऊ २२'चा हुकूम टाइप केला. तेव्हापासून आमचा दंडक आहे : आधी स्वतःची वाट राखायची, मग कडी लावायची. पुढे त्यानं 'लिमिट'चा नियमही घातला. एकाच पत्त्यावरून तीस सेकंदांत सहा वेळा धडक बसली, की त्या पत्त्याला दार बंद.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा पहारेकरी पत्ता बघतो, दाराचा नंबर बघतो. येणाऱ्याचं मन त्याला वाचता येत नाही. उघड्या दारातून कुणी चोरलेला परवलीचा शब्द घेऊन आला, तर तो त्याला सलाम करून आत सोडील. म्हणून परवलीचा शब्द पक्का हवा आणि प्रणाली वेळेवर अद्ययावत करायला हवी.

दर महिन्याला मी 'यूएफडब्ल्यू स्टेटस' हा हुकूम देतो. उघड्या दारांची यादी समोर येते. प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारतो, हे कुणासाठी उघडं आहे? ज्याचं उत्तर देता येत नाही, ते दार लावून घेतो. त्या वहीतली एखादी मुलगी उद्या मला हेच विचारील, तेव्हा मला उत्तर देता आलं पाहिजे.